मानवजातीला आई असते का?

देव आहे की नाही, हा वाद आपल्याकडे पारावरही रंगतो आणि बहुधा आवाज चढवूनच संपतो. २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर तो फार शांतपणे झाला. एका बाजूला पंचाहत्तरीचे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल, दुसऱ्या बाजूला चाळिशीचे जेझुइट पाद्री फ्रेडरिक कोपलस्टन.

कोपलस्टन यांनी तत्त्वज्ञ लाइब्निझचा जुना युक्तिवाद पुढे केला. जगातली प्रत्येक वस्तू अशी, की ती नसती तरी चाललं असतं. मग हा सगळा पसारा का आहे? त्याच्या मुळाशी, जे नसणं शक्यच नाही, असं काहीतरी हवं. रसेल यांचं उत्तर असं, की प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून अख्ख्या मानवजातीला आई असते काय?

टोला झकास. आजही लोकांना तोच आठवतो. पण माझ्या मते तो वर्मी लागला नाही. कोपलस्टन आयांच्या रांगेत आणखी एक पणजी शोधत नव्हते. रांग मागे अनंत असली तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं. ही रांग आत्ता, या घटकेला, कशाच्या आधारावर उभी आहे, एवढंच ते विचारत होते. जन्म देणं वेगळं, धरून ठेवणं वेगळं.

रसेल यांची खरी मदार दुसरीकडे होती. अनिवार्यता, म्हणजे ‘दुसरं काही असूच शकत नाही’ हा गुण, विधानांना असते, वस्तूंना नव्हे, असं ते म्हणत. याला जबर धक्का बसला जानेवारी १९७०मध्ये, प्रिन्स्टनला सॉल क्रिप्के या एकोणतीस वर्षांच्या तरुणाच्या व्याख्यानांतून. पाणी म्हणजे एचटूओ हे प्रयोगांतून कळलं खरं. पण पाणी त्याहून वेगळं काही असूच शकत नाही, असं ते म्हणाले; म्हणजे अनिवार्यता वस्तूंनाही असते. त्यावर उत्तर द्यायला रसेल उरले नाहीत; २ फेब्रुवारीला ते वारले.

म्हणजे पाद्रीबुवा जिंकले? छे! पाणी काय आहे हे अनिवार्य असेल. पाणी असायलाच हवं असं कुठे आहे? शिवाय तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवेगन यांनी १९८३मध्ये एक पेच टाकला. प्रत्येक गोष्टीला पुरेसं कारण असतं, म्हणजे दुसरं काही घडूच न देणारं, असं मानलं तर तुम्ही आज चहाऐवजी कॉफी घेतलीत, तीही टळणारी नव्हती. नसती तरी चाललं असतं, अशी एकही वस्तू मग उरत नाही. आणि कोपलस्टन यांचा युक्तिवाद तर तिथूनच सुरू होतो.