काठावरच्या माणसाला विचारा

श्रोतेहो, आमचं घर कल्याणला रेतीबंदराजवळ. भरतीचं पाणी चढू लागलं की त्याचा वास घरात यायचा. आमचे चाचा रेतीच्या होडीवर डुबी मारायचे. आजच्या मुलांना 'डुबी' हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. बांबूच्या आधारानं खाडीच्या तळाशी जायचं, बादलीत रेती भरायची आणि श्वास संपायच्या आत वर यायचं. दिवसभर हेच काम.

मला पोहायला चाचांनीच शिकवलं. पण पाण्यात उतरवण्याआधी आठ-दहा दिवस त्यांनी मला नुसतं काठावर बसवून ठेवलं. म्हणाले, "आधी पाणी बघ." चाचांचं पंचांग आभाळात होतं. चांद दिसला की उधाण, पुढे सात-आठ दिवसांनी भांग, पुन्हा चौदाव्या चांदाला उधाण. शेजारचे कोळी अमावास्या-पौर्णिमा मोजायचे, आम्ही चांद मोजायचो. पाणी दोघांचं एकच. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, हे मी शाळेत जाण्याआधी शिकलो. ओहोटी लागली की पाण्याबाहेर यायचं, हा नियम. तो मोडला तर चाचा महिनाभर पाण्याला शिवू देत नसत.

ही खाडी म्हणजे आमची उल्हास नदीच. राजमाचीच्या डोंगरांतून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत खाली येते. भातसेचं पाणी घेऊन आलेली काळू नदी तिला कल्याणजवळ मिळते आणि वसईला ती समुद्रात जाते. आमच्या कल्याण-डोंबिवलीची तहान हीच नदी भागवते. तरुणपणी मला वाटायचं, ही नदी आपल्याला तोंडपाठ आहे. त्या समजुतीची किंमत दुसऱ्यानं मोजली.

१९८८चा जुलै. मी बी.ए.च्या वर्गात होतो. आम्ही पाच मित्र लोकलनं बदलापूरला उतरलो आणि डोंगराच्या दिशेनं चालत एका ओढ्यावर गेलो. वर छोटा धबधबा, खाली डोह. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं. डोंबिवलीच्या आमच्या एका मित्राला पोहता येत नव्हतं. तो काठावर डबा उघडून बसला होता. मी त्याचा हात धरून त्याला पाण्यात ओढलं. "मी आहे ना," म्हणालो.

पलीकडून एक कातकरी म्हातारा मोळी घेऊन चालला होता. तो थांबला आणि ओरडला, "पोरांनो, वर पानी लागलंय. निघा आता." आम्ही हसलो. मीच त्याला उत्तर दिलं, "बाबा, आम्ही खाडीत पोहणारी माणसं!" तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं मोळी खाली ठेवली. पुढं काय होणार हे त्याला कळलं असावं.

आधी पाण्याचा रंग बदलला. मग पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या. ज्या खडकावर आमचे कपडे होते तो खडक दिसेनासा झाला. हे सगळं सांगायला जेवढा वेळ लागला, तेवढाही वेळ आम्हाला मिळाला नाही. त्या म्हाताऱ्यानं आपल्या मोळीचा दोर टाकून आम्हा चौघांना ओढून घेतलं. मित्राचा हात माझ्या हातातून सुटला होता. तो दुसऱ्या दिवशी खाली सापडला.

खाडी सहा तास चढते, सांगून चढते. डोंगरातलं पाणी तसं नसतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पण वर घाटात सर कोसळलेली असते. आजूबाजूच्या सगळ्या उतारांचं पाणी एका अरुंद वाटेनं खाली येतं आणि कातळ त्यातला थेंबही शोषून घेत नाही. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, म्हणून ते माणसाला खाडीच्या खाऱ्या पाण्यासारखं वर उचलून धरत नाही. चांगला पोहणाराही तिथं खाली जातो. खाडीची विद्या तिथं चालत नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि ज्यानं सांगितलं त्याला मी हसलो होतो.

काही वर्षांपूर्वी मुलगी मला हट्टानं कोलाडला घेऊन गेली, कुंडलिका नदीवर राफ्टिंगला. मी काठावरच बसणार होतो. तिथला वाटाड्या मुलगा म्हणाला, "काका, घाई नाही. अजून पाणी सुटलं नाही." तिथलं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येतं. टाटांचं हे वीजघर १९२७चं. वीज तयार झाली की पाणी नदीत सोडतात आणि मग होड्या निघतात. आमच्या उल्हासलाही भिवपुरीच्या १९२२च्या वीजघराचं पाणी असंच मिळतं. त्या मुलानं प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून पाहिला, हेल्मेट तपासलं, पडलात तर पाय पुढे करून पाठीवर तरंगा, असं दोनदा सांगितलं. त्याच्यात मला चाचा दिसले. मी होडीत बसलो. पस्तीस वर्षांत नाही असा हसलो, आणि मग रडलोही. मुलीला वाटलं, पाणी उडालं.

श्रोतेहो, ३० जून २०२४ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एक स्त्री आणि चार मुलं वाहून गेली. एकमेकांना धरून ती प्रवाहात उभी होती, ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिलं. मला ते पूर्ण पाहवलं नाही. पावसाळा आला की जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. ते निघायलाच हवेत. पण बंदीनं माणूस थांबतो, शहाणा होत नाही. पोरं आडवाटेनं जातातच. आम्हीही गेलो असतो. धबधब्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या तरुणांना पगार देऊन, दोर आणि शिट्टी देऊन पावसाळाभर काठावर उभं करा. पाणी त्यांना कळतं. आणि आपण त्यांचं ऐकायला शिकूया.

दिवाळीला मी मित्राच्या आईकडे जातो. इतक्या वर्षांत काकूंनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच विचारलं, "पाणी खूप गार होतं का रे?" 'हो' म्हणवलं नाही आणि 'नाही' म्हणायचा धीर झाला नाही.

म्हणून एवढंच सांगतो. नदीवर जा, जरूर जा. पण पाण्यात पाय घालण्याआधी काठावर गावचं कोणी आहे का ते बघा आणि त्याला विचारा. तो निघा म्हणाला तर निघा.