मेलेल्याची निवृत्ती



आज ज्याच्याविषयी बोलणार आहे तो माणूस तीस वर्षं मेलेला होता, आणि मेलेला असतानाच निवृत्त झाला. अमेरिकी टीव्ही-कुस्तीत मेलेल्याचं सोंग घेणारा पैलवान, अंडरटेकर. नाव ऐकून काहींनी रेडिओचा आवाज वाढवला असेल, काहींनी कपाळाला हात लावला असेल. दोघांचंही बरोबर आहे.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात केबल आली तेव्हा मी चौथीत होते. पण त्याआधीच डब्ल्यू डब्ल्यू एफच्या पैलवानांचे पत्ते आमच्याकडे पोचले होते. पत्त्यावर फोटो, त्याखाली उंची, वजन, छाती, दंड, जिंकलेल्या लढती. उंची सहा फूट दहा इंच असलेला अंडरटेकर हातात आला की चेहरा कोरा ठेवायचा, नाहीतर समोरच्याला कळायचं. माझ्या जोडातल्या त्या पत्त्याचे कोपरे झिजून गोल झाले होते. आणि वर्गातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: तो सात वेळा मेलाय आणि सात वेळा उठलाय. सात कुठून आले, देव जाणे.

मरून उठण्याचा उलगडा मात्र पुढे झाला. जानेवारी १९९४ मध्ये योकोझुनाशी त्याची लढत होती. शवपेटीत ज्याला बंद केलं तो हरला, असा नियम. दहाएक जण धावून आले, त्याला पेटीत कोंबलं, पेटीतून धूर निघाला आणि अंडरटेकर थेट छतापर्यंत वर गेला. खरं कारण असं की त्याची पाठ दुखावली होती आणि त्याला रजा हवी होती. रजेचा इतका देखणा अर्ज मी दुसरा पाहिलेला नाही. तो परत आला तेव्हा त्याच्यासमोर एक खोटा अंडरटेकर उभा केला होता. ब्रायन ली त्याचं नाव. ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षयकुमार ज्याला उचलतो तो हाच ली. आम्ही मात्र त्यालाच खरा अंडरटेकर मानून आठवडाभर भांडलो होतो.

आमच्या घरात हे सगळं पाहणं सोपं नव्हतं. काका तालमीतले. दारातून टीव्हीकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, “नुरा हाय ती. बघायचं काय त्यात?” दोन पैलवान आधी ठरवून लढतात ती नुरा कुस्ती. आमच्या भागात याहून वाईट शिवी नाही. मैदानात नुरेचा नुसता संशय जरी आला तरी लोक ओरडून फड डोक्यावर घेतात. इथं तर सगळा कारभारच नुरा, आणि लोक तिकीट काढून येतात!

पण एकदा काका थांबले. जून १९९८ ची पिट्सबर्गची लढत पुन्हा दाखवत होते. सोळा फुटी पिंजऱ्याच्या माथ्यावरून अंडरटेकरनं मॅनकाइंडला खाली टेबलावर फेकलं. काका उभ्याउभ्याच म्हणाले, “निकाल ठरवता येतोय, पण पाठ कुणाची ठरवून आपटती?” आणि चहा घ्यायला आत गेले. या खेळावर त्याहून नेमकं मी अजून काही वाचलेलं नाही.

मला तो आवडायचा तो मात्र मारामारीसाठी नाही, त्याच्या गप्प बसण्यासाठी. बाकीचे पैलवान माइक हातात घेऊन आरडाओरडा करायचे. याच्या वेळी घंटेचा एक टोल पडायचा, दिवे जायचे, आणि तो इतका सावकाश चालत यायचा की तेवढ्यात आई एक पोळी भाजून घ्यायची. बोलायचं काम त्याचा मॅनेजर पॉल बेअरर करी. हातात अस्थिकलश धरून किरट्या आवाजात किंचाळणारा तो गोलमटोल माणूस खऱ्या आयुष्यातही अंत्यसंस्काराच्या व्यवसायातला परवानाधारक होता. या अख्ख्या खेळात खोटं नसलेलं बहुधा तेवढंच! मुख्य म्हणजे, मार्क कॅलवे नावाचा ह्यूस्टनचा माणूस त्या टोपीखाली आहे हे कित्येक वर्षं त्यानं लोकांना जाणवूच दिलं नाही.

रेसलमेनिया या त्यांच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या मेळ्यात सलग २१ विजय. एप्रिल २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला ब्रॉक लेस्नरनं ती माळ तोडली. सोमवारची सकाळ होती, मी ऑफिसला निघाले होते, एक पाय चपलेत. प्रेक्षकांत कुणी ओरडेना. लोक नुसते डोक्याला हात लावून उभे. आधी ठरलेल्या निकालाला इतकी माणसं खरोखर हादरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्या लढतीत त्याच्या मेंदूला मार बसला होता, हे नंतर कळलं.

तिथंच थांबायला हवं होतं, असं माझं मत. २०१७ मध्ये ऑर्लँडोला रोमन रेन्सकडून हरल्यावर त्यानं हातमोजे, कोट आणि टोपी रिंगच्या मधोमध ठेवली. मी रडले, खोटं कशाला सांगू. वर्षभरात स्वारी परत हजर! मग २०१९ मध्ये जेद्दाला गोल्डबर्गशी लढत झाली. एक चोपन्नचा, दुसरा बावन्नचा. गोल्डबर्गला धड उचलता येईना, आणि अंडरटेकर डोक्यावर पडता पडता वाचला. मी टीव्ही बंद केला. आमच्या काकांनी लंगोट खुंटीला टांगला तेव्हा घरात कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. एक दिवस पहाटे तालमीत गेले नाहीत, बस्स.

शेवटचा निरोप २२ नोव्हेंबर २०२०. बरोबर तीस वर्षांपूर्वी याच तारखेला तो पहिल्यांदा उतरला होता. पण काळ करोनाचा. स्टेडियममध्ये माणूस नाही, भिंतभर पडद्यांवर घरोघरी बसलेल्यांचे चेहरे. २०१३ मध्ये वारलेल्या पॉल बेअररची प्रकाशातली आकृती रिंगमध्ये उभी केली होती. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. दहा टोल पडले. जिवंत माणसं पडद्यात आणि मेलेला रिंगमध्ये, असा तो उलटा प्रकार. टाळ्याही यंत्रातल्या. तरी तो तितक्याच सावकाश चालत गेला, त्याबद्दल त्याला मानलं.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, उठताना खाटेचा खूर धरतात. मोबाइलवर तो निरोप त्यांना दाखवला. पहिला प्रश्न, “गुडघं गेलं असतील त्याचं?”

“दोन्ही. पाठसुद्धा.”

“आता काय करतो?”

“तिकडं टेक्सासात असतो. पॉडकास्ट करतो. म्हणजे रेडिओसारखंच, गप्पा मारतो. जुन्या लढती, कुणी काय ठरवलं होतं, सगळं सांगतो.”

काकांनी मोबाइल परत दिला.

“बोलतो होय? मग सोडली त्यानं खरंच.”