फिल्मच्या कडेची पट्टी



चित्रपटाचं जुनं रीळ कधी हाती आलं, तर त्याचा हातभर तुकडा उजेडासमोर धरून पाहा. मधोमध चित्रांच्या चौकटी दिसतील, दोन्ही कडांना भोकांच्या रांगा दिसतील. आणि एका बाजूला, चौकटी आणि भोकं यांच्यामध्ये, जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी दिसेल. काही रिळांत तिच्यात काठ नागमोडी असलेली पांढरी रेघ असते, काही रिळांत फिक्या आणि गडद आडव्या रेषा असतात. नटाचं बोलणं, नटीचं गाणं, पेटी, तबला, पाऊस, टाळ्या, सगळं काही त्या पट्टीत असतं. ती पट्टी म्हणजे आवाजाचा फोटो.

आज बोलायचंय ते तिच्याविषयी. जुन्या चित्रपटांच्या जतनाचा विषय निघाला की आपण चित्रांविषयी बोलतो. त्या काळची माणसं कशी बोलत, कशी गात, याचा मोठा साठा मात्र या पट्टीत आहे, आणि तिची चौकशी फारशी कुणी करत नाही.

चित्रपट बोलू लागला तो आधी तबकडीच्या आधाराने. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये 'द जॅझ सिंगर' लागला, तेव्हा त्याचा आवाज व्हिटाफोन पद्धतीच्या सोळा इंची तबकड्यांवर होता. एका रिळाला एक तबकडी, अकरा मिनिटांच्या आसपास चालणारी. ऑपरेटर रीळ आणि तबकडी खुणेवर लावायचा आणि दोन्ही बरोबर सुरू करायचा. पण रीळ मध्येच तुटलं आणि चार-सहा चौकटी कापून जोड दिला, की पुढे ओठ हलायचे एका शब्दाला आणि ऐकू यायचा दुसराच. मग गेलेल्या चौकटी मोजून तेवढी काळी फिल्म मध्ये जोडावी लागे. याला उपाय एकच होता. आवाज चित्राच्या शेजारी, त्याच फिल्मवर हवा. बर्लिनमध्ये फोग्ट, एंगल आणि मासोल्ले या तिघांनी ट्राय-एर्गॉन नावाची तशी पद्धत १९२२ सालीच लोकांना दाखवली होती. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९२३ साली आपला फोनोफिल्म दाखवला. काही वर्षांतच तबकडी मागे पडली आणि फिल्मवरचा आवाज जगभर रूढ झाला.

आता आवाजाचा फोटो निघतो कसा, ते पाहू. मायक्रोफोन आवाजाचं रूपांतर विजेच्या प्रवाहात करतो. हा प्रवाह वाढवून त्याच्याकरवी उजेडाला हलवायचं, हे सगळ्या कामाचं मर्म. वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीच्या यंत्रात चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धातूच्या अतिशय पातळ फिती ताणलेल्या असत. प्रवाह कमीजास्त होईल तशी त्यांच्यातली फट रुंद-अरुंद होई, आणि फटीतून पलीकडे पडणारा उजेड त्या मानाने कमीजास्त होई. मागून सरकणाऱ्या फिल्मवर त्याच्या फिक्या-गडद रेषा उमटत. आरसीए या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात एक इवलासा आरसा आवाजाबरोबर थरथरे. तिथे उजेडाची तीव्रता तीच राही, पण त्याची रुंदी बदले, म्हणून नागमोडी काठाची रेघ मिळे.

यासाठी फिल्मचा वेग तसूभरही बदलून चालत नाही. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी डोळा ते खपवून घेई. कान खपवून घेत नाही. वेग वाढला की स्वर चढतो, मंदावला की उतरतो. म्हणून सेकंदाला २४ चौकटी हा वेग कायमचा ठरला. म्हणजे मिनिटाला ९० फूट आणि सेकंदाला १८ इंच. गायिकेने सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर लावला, तर त्याची एकेक लाट फिल्मवर साधारण एक मिलिमीटर जागा घेते. त्याच्या दसपट उंच कंपनं एक दशांश मिलिमीटरमध्ये बसवावी लागतात. स, श, झांजेची किणकिण असे बारीक ध्वनी तिथेच राहतात. फिल्म धुताना रसायन थोडं जास्त लागलं, तरी या रेषा बुजतात आणि बोलणं घोगरं होतं. ध्वनिमुद्रकाचं काम त्यामुळे मायक्रोफोनपाशी संपत नसे. लॅबोरेटरीतून फिल्म धुऊन येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला असे.

थिएटरात हा प्रवास उलट होतो. प्रोजेक्टरमध्ये चित्राच्या खिडकीखाली साउंड हेड असतं. तिथल्या एक्सायटर दिव्याचा उजेड केसासारख्या बारीक फटीतून पट्टीवर पडतो. पट्टीतून पार होणारा उजेड कमीजास्त होतो, तो फोटोसेलवर पडतो, फोटोसेल त्याची पुन्हा वीज करतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून ती पडद्यामागच्या कर्ण्यांपर्यंत जाते. खेळाआधी ऑपरेटर त्या उजेडासमोरून पुठ्ठ्याचा तुकडा पटकन फिरवी. पडद्यामागून ठक् असा आवाज आला की समजायचं, यंत्रणा तयार आहे.

इथे एक अडचण होती. चित्र दिसायला फिल्म सेकंदाला चोवीस वेळा थांबावी लागते. आवाज ऐकू यायला ती अखंड, एका लयीत सरकावी लागते. एकाच जागी या दोन गोष्टी होणं शक्य नाही. म्हणून आवाज चित्राच्या २० चौकटी, म्हणजे १५ इंच, पुढे छापतात. खिडकीत चौकट थांबत-थांबत पुढे जाते. तिथून खाली येताना फिल्मला सैल वळसा दिलेला असतो, तिथे हा झटका जिरतो, आणि साउंड हेडपाशी जड चाकाला जोडलेल्या ड्रमवरून ती संथपणे फिरते. ओठांची हालचाल आणि शब्द प्रेक्षकापर्यंत एकाच क्षणी पोहोचतात.

तुटलेली फिल्म जोडली की जोडाची रेघ उजेड अडवी आणि धप्प असा आवाज येई. म्हणून जोडावर पट्टीपुरता काळ्या शाईचा त्रिकोण काढत. उजेड एकदम तुटण्याऐवजी उतरत-चढत जाई आणि तो धप्पा कानाला टोचत नसे. हे बारीक काम ज्यांनी वर्षानुवर्षं केलं, त्यांची नावं श्रेयनामावलीत फारशी सापडत नाहीत.

आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला. त्यात चित्र आणि आवाज एकाच कॅमेऱ्यात, एकाच निगेटिव्हवर घेतले होते. त्यामुळे एकाला सोयीचं काम दुसऱ्याला गैरसोयीचं ठरे. स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता, म्हणून गाड्यांची वर्दळ थांबल्यावर रात्री चित्रीकरण करावं लागे. मायक्रोफोन दृश्यात लपवायचे आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसून साथ करायची. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' केला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी त्यात अभिनय करता करताच गाणी म्हटली. गळा, चेहरा आणि साथ एकाच वेळी जमून यायला हवी, एक चूक झाली तर सगळं पुन्हा. प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारे विष्णुपंत दामले पुढे फत्तेलालांबरोबर 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक झाले. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये तर दिग्दर्शक शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वगळलं आणि दृश्यात जे वाजेल तेवढंच ऐकवलं. आपल्या माणसांनी हे तंत्र किती लवकर आत्मसात केलं, याची याहून मोठी साक्ष नको. त्याआधीच, १९३५ साली, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छांव'मध्ये गाणं आधी मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी वाजवलं, आणि पार्श्वगायनाचं युग सुरू झालं.

पुढे स्टुडिओत चुंबकीय टेप आली. तरी थिएटरात जाणाऱ्या प्रिंटवर बहुतेक वेळा हीच प्रकाशाची पट्टी राहिली. जत्रेतल्या तंबूतही डबा उघडला की चित्राबरोबर आवाज हजर असे, वेगळं काही सांभाळावं लागत नसे. डिजिटल आवाज आल्यावरसुद्धा प्रिंटवर ही पट्टी ठेवत. नवं तंत्र अडखळलं, तर तीच मदतीला येई.

तिचा आणखी एक गुण आहे. रंगीत प्रिंट जुनी झाली की रंग उडतात, चित्र लालसर पडतं. पण बऱ्याच जुन्या रंगीत प्रिंटमध्ये आवाजाची पट्टी चांदीचीच ठेवलेली असे, आणि चांदी तशी उडत नाही. चित्र फिकं झालेल्या प्रिंटमधूनही आवाज चांगला निघू शकतो. आता तर पट्टीचं बारीक स्कॅनिंग करून, प्रोजेक्टरवर न चढवता, तिच्यातला आवाज काढता येतो. आकसलेल्या आणि वाकलेल्या फिल्मसाठी ही मोठी सोय आहे.

पण त्यासाठी मुळात फिल्म उरायला हवी. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पहिल्या भारतीय बोलपटाचे फोटो आहेत, पण तो बोलला कसा, हे आपल्याला ऐकता येत नाही. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तेव्हाही कितीतरी जुनी रिळं गेली. चांदीसाठी भंगारात गेलेल्या फिल्मची तर गणतीच नाही.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. तुमच्या घरी, शाळेच्या कपाटात, जुन्या फिरत्या सिनेमावाल्याच्या माळ्यावर फिल्मचे डबे असतील, तर ते निरुपयोगी समजून फेकू नका. उन्हात आणि उष्णतेजवळ ठेवू नका. डब्याला शिरक्यासारखा आंबट वास येत असेल, तर फिल्म खराब होऊ लागली आहे. तो डबा इतरांपासून वेगळा ठेवा. फिल्म फार जुनी असेल, चिकट झाली असेल किंवा तिची भुकटी होत असेल, तर ती पेट घेणारी नायट्रेट असू शकते, तेव्हा तिला हात लावण्याआधी जाणकाराला विचारा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. त्या अडीच मिलिमीटरमध्ये कदाचित असं एखादं गाणं असेल, जे दुसरीकडे कुठेही उरलेलं नाही.