तोरणमाळला जायचे ठरवताना

थंडी पडू लागली, की आमच्या नंदुरबार-शहाद्याकडे एक प्रश्न हमखास कानी येतो. धुळ्याचे पाहुणे विचारतात, जळगावचे विचारतात, नोकरीनिमित्त सुरतेला गेलेले जुने विद्यार्थी फोन करून विचारतात, "सर, यंदा तोरणमाळला जायचं म्हणतो. काय काय पाहण्यासारखं आहे तिथं?" त्यावर मी उलट विचारतो, "शहाद्याहून निघणार किती वाजता?" समोरचा जरा गोंधळतो. विचारले काय आणि मास्तर बोलतात काय, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. पण हा उलटा प्रश्न मी उगीच विचारत नाही. तो विचारायला मला एका रात्रीने शिकवले. आज तीच हकीकत सांगायची आहे, आणि तिच्याबरोबर तोरणमाळला कसे जावे हेही सांगायचे आहे.

प्रथम ठिकाण कोठे आहे ते पाहू. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. मैदानात तापी, उत्तरेच्या सीमेवर नर्मदा, आणि दोन्ही नद्यांच्या मध्ये आडवा पडलेला सातपुडा, अशी याची ठेवण. या सातपुड्यात अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून अधिक उंचीवर एक पठार आहे, तेच तोरणमाळ. तोरणाच्या झुडपांवरून हे नाव पडले असे म्हणतात. पठारावर मोठा तलाव आहे, त्याला यशवंत तलाव म्हणतात. चारी बाजूंनी उतरत आलेल्या टेकड्या आणि मध्ये हे पाणी. मैदानातला माणूस घाट चढून वर येतो, त्याला पुढे आणखी डोंगरच अपेक्षित असतो, आणि एकदम समोर पाणी दिसते. पहिल्यांदा पाहणारा क्षणभर बोलत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

नंदुरबार हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन. तेथून प्रकाशाला तापी ओलांडायची आणि शहादा गाठायचे, हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करीत सातपायरी घाटाने वर जायचे, ते आणखी ५० ते ५५ किलोमीटर. नकाशावर बोट ठेवले तर वाटते, दोन-अडीच तासांचे काम. आम्हालाही तसेच वाटले होते.

२०१७ सालचा डिसेंबर महिना. आमच्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची सहल मी काढली. मुले-मुली आणि आम्ही दोन प्राध्यापक, मिळून चौतीस जण. एक जुनी बस भाड्याने ठरवली. वर्गणी जमली, फलक रंगवून झाला, गाण्यांच्या भेंड्यांचे गट पडले. आराखडा म्हणाल तर एवढाच. सकाळी सातला निघायचे होते, निघालो साडेनऊला. प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम आहे, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. तेथे दर्शन घेतल्याशिवाय पुढे कसे जायचे? तेथे दोन तास गेले. शहाद्याला चहा झाला, मग जेवणही झाले. "वर काहीतरी मिळेलच," असे म्हणून शिदोरीचा बराचसा भाग तेथेच संपवला. घाटाला लागलो तेव्हा उन्हे कलली होती.

डिसेंबरात दिवस केवढासा असतो! सहा वाजले की अंधार. घाटात अर्ध्या वाटेवर बसने पाणी उकळवले आणि थोड्या वेळाने ती बंदच पडली. ड्रायव्हरने खटपट केली, पण अंधारात आणि एका विजेरीच्या उजेडात काय होणार? फोन करावा तर कोणाच्याही फोनला रेंज नाही. थंडी म्हणजे काय, ते मैदानातल्या मुलांना तेव्हा कळले. निम्म्या मुलांच्या अंगात साधा स्वेटर नव्हता. एक मुलगी रडू लागली, तशा आणखी दोघी रडू लागल्या.

रस्त्याच्या वरच्या अंगाला एक पाडा होता. दहा-बारा घरे असतील, दूर दूर पसरलेली. तेथून एक म्हातारा हातात जळते लाकूड घेऊन खाली आला. त्याने आमच्याकडे पाहिले, पोरींकडे पाहिले आणि म्हणाला, "चला, वर चला." आणखी काही विचारले नाही. आपण कोण, कोठले, आता किती माणसे आहात, काही नाही.

ती रात्र आम्ही त्याच्या आणि शेजारच्या दोन घरांत काढली. म्हातारीला मराठी येत नव्हते. ती पावरीत बोलत होती आणि आम्ही नुसती मान हलवीत होतो. तिने शेजारच्या बायांना हाक मारली, चूल पेटवली. मक्याच्या भाकरी आणि उडदाची डाळ. चौतीस माणसांना पुरेल एवढ्या भाकरी थापायला किती वेळ लागतो, याचा हिशेब मी त्याआधी कधी केला नव्हता. अंगणात रात्रभर शेकोटी धडधडत होती. मुले तिच्याभोवती गाणी म्हणू लागली. त्यांना आता मौज वाटत होती. मलाही, खरे सांगतो, थोडी मौज वाटू लागली होती.

सकाळ झाली. मी तोंड धुवायला मागल्या बाजूला गेलो आणि परत येताना घरात नजर गेली. कोपऱ्यात बांबूची कणगी होती, शेणामातीने लिंपलेली. म्हातारी तिच्यात वाकून हाताने तळ खरवडीत होती. सकाळच्या भाकरीचे दाणे काढायचे होते ना! अंगणात पाहिले, तर काल रात्री भिंतीला टेकून रचलेली लाकडे होती, त्या जागी आता मोकळी भिंत होती. वर्षाची बेगमी होती ती. मग लक्षात आले, की पाड्यातल्या निम्म्या घरांना कडी लावलेली आहे. म्हाताऱ्याला विचारले, तो म्हणाला, "पोरं गुजरातला गेली, ऊसतोडीला." म्हणजे जी घरे रिकामी होती ती पोट भरायला बाहेर पडली होती, आणि जी मागे राहिली होती त्यांच्या कणगीवर आमची सहल बसली होती.

मी पैसे पुढे केले. म्हाताऱ्याने घेतले नाहीत. रागाने नव्हे, हसून हात मागे घेतला. पाहुण्याकडून भाकरीचे पैसे घ्यायचे, ही गोष्ट त्याच्या घरच्या रीतीत बसत नव्हती. बस दुपारी सुरू झाली आणि आम्ही तोरणमाळ न पाहताच खाली उतरलो.

श्रोतेहो, परत आल्यावर मला एक गोष्ट कळली, ती या सगळ्याहून अधिक लागली. माझ्याच वर्गात मागल्या बाकावर एक मुलगा बसत असे. तो तोरणमाळजवळच्याच एका पाड्यातला, पावरा समाजातला. त्याने सहलीला नाव दिले नव्हते. मी समजलो होतो, याला आवड नसेल. त्याला बोलावून विचारले, "का रे, आला नाहीस?" तो म्हणाला, "सर, माझ्याच घरी जायला वर्गणी कशी भरू?" आणि थोडे थांबून म्हणाला, "तुम्ही विचारलं असतं, तर सांगितलं असतं, दुपारनंतर घाट चढू नका म्हणून." चौतीस माणसांनी पंधरा दिवस बेत केला, आणि ज्याला तिथले सगळे ठाऊक होते त्याला एकानेही विचारले नव्हते. त्यात मीही आलो.

पुढे २०१९ च्या जानेवारीत पुन्हा सहल ठरली, तेव्हा आराखडा त्या मुलाकडे दिला. तोवर तो शेवटच्या वर्षाला होता. वर्गणी अर्थातच त्याला नव्हती. त्याने वहीच्या एका पानावर जे लिहून आणले, तेच आज तुम्हाला सांगतो, कारण त्यात माझी भर फारशी नाही.

पहिली गोष्ट वेळ. शहाद्याहून सकाळी आठच्या आत निघायचे आणि बाराच्या आत पठारावर पोहोचायचे. गाडी बिघडली तर दुरुस्तीला दिवसाचा उजेड हाती राहतो. मोठी बस नको, दोन लहान गाड्या बऱ्या, म्हणजे एक अडली तर दुसरी खाली जाऊन माणूस आणते. उतरतानाही तीनच्या पुढे थांबायचे नाही.

दुसरी गोष्ट मुक्काम. तोरणमाळ एका दिवसात पाहून परत फिरण्याचे ठिकाण नाही. घाटातच दिवस जातो. मुक्काम करायचा तर राहण्याची सोय आधी पक्की करावी, आणि तिचा कागद हातात असल्याशिवाय निघू नये. महाबळेश्वर-माथेरानसारखा येथे बाजार नाही. एक जागा भरली म्हणून शेजारची मिळेल, अशा भरवशावर राहू नये.

तिसरी गोष्ट जेवण, आणि येथे तो मुलगा फार आग्रही होता. पहिल्या दिवसाचे जेवण बांधून न्यायचे. शिवाय पीठ, डाळ, तेल आणि स्वयंपाकाचा गॅस बरोबर असू द्यायचा, तोही पाच माणसांचा जास्तीचा शिधा धरून. दुसऱ्या दिवसाचे जेवण स्थानिक बायांकडून घ्यायचे असेल, तर आठ दिवस आधी निरोप पाठवून, माणसे मोजून, पैसे ठरवून घ्यायचे. मी म्हटले, "अरे, आयत्या वेळी सांगितलं तर नाही का मिळणार?" तो म्हणाला, "मिळेल सर. ते नाही म्हणणारच नाहीत. म्हणूनच मागायचं नाही."

बाकीच्या गोष्टी लहान, पण ध्यानात ठेवण्याजोग्या. प्रत्येकाजवळ जाड पांघरूण आणि विजेरी हवी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तेथे दव गोठल्याचेही दिसते. शेकोटीसाठी कोणाच्या दारातले वा जंगलातले लाकूड उचलू नये. तलावात कोणी उतरू नये, काठाच्या चिखलाचा आणि खोलीचा अंदाज नवख्याला येत नाही. तलावावर गुरे पाण्याला येतात, तेव्हा तेथे साबण लावून अंघोळी नकोत. कचऱ्यासाठी दोन गोण्या न्यायच्या आणि त्या भरून शहाद्याला परत आणायच्या. कोणाच्या घराचा, बायामाणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही.

कधी जावे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. पावसाळ्यात पठार हिरवेगार होते, धुके खाली उतरते, सीताखाईचा धबधबा तेव्हाच जोरात असतो. पण त्या दिवसांत घाटात दरड कोसळण्याचा धोका असतो. तेव्हा रस्ता चालू आहे की नाही याची चौकशी शहाद्यातच करून घ्यावी. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची यात्रा भरते. महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून, गुजरातेतून माणसे पायी चालत येतात. यात्रा पाहायची तर त्या वेळी जरूर जावे, पण शांत तलाव पाहायचा असेल तर ते दिवस टाळावेत.

आणि पाहायचे काय, हा तुमचा मूळचा प्रश्न. बाराला पोहोचलात, तर जेवण आणि विश्रांती होऊन चारच्या सुमारास गोरक्षनाथाचे मंदिर पाहावे आणि संध्याकाळ तलावाकाठी घालवावी. तेथे काही करायचे नाही, नुसते बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून सीताखाईवर जावे. पठार एकाएकी तुटते आणि खोल दरी पायाशी येते, तेव्हा मुलांचे हात धरून ठेवावेत. मग मच्छिंद्रनाथाची गुंफा, खडकी पॉइंट, कमळांचा तलाव, जेवढे होईल तेवढे. सगळे झालेच पाहिजे असा अट्टाहास नको. जेवून एक-दीड वाजता उतरायला लागावे.

त्या दुसऱ्या सहलीत आम्ही हे सगळे पाहिले आणि अगदी वेळेवर पाहिले. जाताना एक काम मात्र मनात धरले होते. मुलांनी आपण होऊन घराघरातून ज्वारी आणि मका जमा केला होता. ते पोते आम्ही घाटातल्या त्या पाड्यावर उतरवले. पण म्हाताऱ्याच्या घराला कडी होती. २०१८ साली पाऊस कमी झाला होता. शेजारणीने आमच्या मुलाला पावरीत सांगितले, की या वर्षी म्हातारा-म्हातारीही पोरांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत, होळीला येतील. कणगी तीच, कोपरा तोच, पण दार बंद. पोते शेजारणीच्या ओसरीवर ठेवले. तिने ते नीट आत ओढून घेतले आणि आम्हाला पाणी दिले.

होळीनंतर तो मुलगा गावाहून आला, तेव्हा म्हणाला, "सर, पोतं पोचलं. म्हातारा विचारत होता, या वेळेला गाडी बंद पडली नाही ना?"

तेव्हा श्रोतेहो, तोरणमाळला अवश्य जा. मुलाबाळांना घेऊन जा. फक्त निघण्याआधी कागद घेऊन बसा आणि त्यावर वेळ लिहा, माणसे लिहा, शिधा लिहा, पांघरुणे लिहा. आणि आपल्या ओळखीत, शाळेत, कचेरीत त्या डोंगरातला कोणी असेल, तर तो कागद आधी त्याला दाखवा.