फुकट सेवांची शर्यत आणि आपण

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. स्मरणिकेसाठी शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीने मला सांगितलं, "इंटरनेटवर काहीतरी बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला." तेव्हा तांत्रिक भाषा टाळतो. मोठमोठ्या इंटरनेट कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करताना नव्या सेवा आणतात, त्या आपल्याला फुकट देतात, आणि पुढे त्यांचं आणि आपलं काय होतं, एवढंच आज बघायचं आहे. हा विषय निवडायला कारणही आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे सोसायटीचा कारभार एका अ‍ॅपवर नेण्याचा प्रस्ताव येणार आहे. त्यावर शेवटी बोलेन.

आपली सोसायटी २००० साली नोंदवली गेली. तेव्हा इंटरनेट कसं होतं आठवा. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. फोनच्या तारेवरून जोडणी. घरात कोणी इंटरनेट लावलं की फोन एंगेज, म्हणजे बहिणीचा फोन येणार असेल तर आधी मुलाला उठवायचं. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता ते नाक्यावरच्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन बसत. आणि तिथे जाऊन बघायचं काय, तर मेल. कोणाचं हॉटमेल, कोणाचं याहू, कोणाचं आपल्या मुंबईच्या रेडिफचं.

यातल्या हॉटमेलचा जन्म ४ जुलै १९९६ चा. साबीर भाटिया हा आपल्या देशातून शिकायला गेलेला तरुण आणि त्याचा अमेरिकन सहकारी जॅक स्मिथ यांनी ती सेवा काढली. दीड वर्षाच्या आत मायक्रोसॉफ्टने ती सुमारे ४० कोटी डॉलरना घेतली. फुकट मेल देणाऱ्या कंपनीचे एवढे पैसे का दिले? कारण तिच्याकडे माणसं होती. दुकानात विकायला काही नसलं तरी चालेल, दारात गर्दी पाहिजे, हा इंटरनेटच्या धंद्याचा पहिला धडा तेव्हाच सगळ्यांनी शिकून घेतला.

आता पहिली मोठी लढाई सांगतो. २००४ साली हॉटमेलवर जागा मिळायची २ एमबी आणि याहूवर ४ एमबी. एमबी म्हणजे काय हे विसरा, एवढंच समजा की लग्नाचे चार फोटो कोणी पाठवले की डबा भरला. मग जुनी पत्रं पुसत बसायचं. अशात १ एप्रिल २००४ ला गुगलने जाहीर केलं, आम्ही जीमेल आणतोय आणि जागा देतोय १ जीबी! म्हणजे हॉटमेलच्या जवळजवळ पाचशे पट. तारीख १ एप्रिल, त्यामुळे अनेकांना वाटलं की एप्रिल फूल करतायत. पण थट्टा नव्हती. शिवाय जीमेल सरसकट कोणालाही मिळत नसे. आधीच्या माणसाने निमंत्रण दिलं तरच खातं उघडता यायचं. निमंत्रण मिळालं की लोक मिरवायचे.

पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. त्याच वर्षी याहूने ४ एमबीचे १०० केले, नंतर २५० केले. हॉटमेलनेही २५० एमबी जाहीर केले. २००७ पर्यंत याहूने अमर्याद जागा देऊन टाकली. जी जागा काल परवडत नव्हती ती आज कशी परवडली? डिस्क स्वस्त होत होत्या हे खरं. पण प्रतिस्पर्धी दारात उभा राहिल्याशिवाय कोणी हात सैल सोडत नाही, हेही तितकंच खरं. स्पर्धेचा फायदा ग्राहकाला होतो म्हणतात, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

मात्र या फुकट जागेला दुसरी बाजू होती. जीमेलचा संगणक मेलमधले शब्द तपासायचा आणि त्यावरून शेजारी जाहिराती दाखवायचा. मेलमध्ये केरळच्या सहलीचा विषय असेल तर बाजूला हॉटेलची जाहिरात. माणूस वाचत नव्हता, यंत्र वाचत होतं, पण वाचत होतं. जाहिरातींसाठी मेल तपासणं थांबवत असल्याचं गुगलने २०१७ मध्ये जाहीर केलं. म्हणजे तेरा वर्षांनी.

आता याहूचं बघा. २००० च्या सुमारास याहू म्हणजे इंटरनेटचा राजा. २००८ साली मायक्रोसॉफ्टने त्यांना ४४ अब्ज ६० कोटी डॉलर देऊ केले, याहूने नकार दिला. २०१७ मध्ये त्यांचा मुख्य इंटरनेट व्यवसाय विकला गेला तो साधारण साडेचार अब्जांना. दहावा हिस्सा! पण कंपनीचा भाव पडला त्याचं आपल्याला काय? आपल्याला फरक पडतो तो असा. याहू ग्रुप्स नावाची सेवा होती. शाळेचे माजी विद्यार्थी, गृहसंकुलं, भजनी मंडळं, ट्रेकर मंडळी, सगळ्यांचे गट तिथे होते. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, फोटो, यादी. २०१९ च्या अखेरीस तिथे नवं काही चढवणं बंद झालं, जुना मजकूर पुसायचं ठरलं आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवा संपली. ज्यांनी मुदतीत उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. बाकीच्यांच्या आठवणी गेल्या. याहूचंच जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं आणि याहू मेसेंजर २०१८ मध्ये.

बुडतात ते हरलेलेच, असं मात्र समजू नका. जिंकणारेही दुकानं बंद करतात. ऑर्कुट आठवतं? समोर चाळिशीतली मंडळी हसतायत, म्हणजे आठवतंय. गुगलने जानेवारी २००४ मध्ये ते सुरू केलं आणि भारत आणि ब्राझील या दोन देशांत ते विशेष गाजलं. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वसतिगृहातून फेसबुक निघालं. २००६ मध्ये फेसबुक सर्वांना खुलं झालं आणि हळूहळू माणसं तिकडे सरकली. गुगलने २०११ मध्ये गुगल प्लस काढून फेसबुकला टक्कर द्यायचा प्रयत्न केला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. सर्वसामान्यांसाठीचं गुगल प्लसही एप्रिल २०१९ मध्ये गुंडाळलं. पैसा कमी नव्हता, हुशार माणसं कमी नव्हती. तरी का हरले?

याचं उत्तर आपल्या इंटरकॉमवर आहे. समजा सबंध इमारतीत एकाच घरात इंटरकॉम आहे. त्याचा उपयोग काय? शून्य. दहा घरांत आला तर थोडा उपयोग. सगळ्या घरांत आला की मग तो कोणी काढून टाकत नाही. कोणी उद्या याच्यापेक्षा दुप्पट चांगला इंटरकॉम आणला, पण त्यावरून जुन्या इंटरकॉमला फोन लागत नसेल, तर तुम्ही घ्याल? नाही घेणार. बोलायचं कोणाशी? व्हॉट्सअ‍ॅपचं तेच आहे. ते सगळ्यात चांगलं आहे म्हणून आपण तिथे नाही. वहिनी तिथे आहेत, मावशी तिथे आहेत, मुलांच्या शाळेचा गट तिथे आहे, म्हणून आपण तिथे आहोत. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपसाठी सुमारे १९ अब्ज डॉलर मोजायची तयारी दाखवली ती या माणसांच्या जाळ्यासाठी.

म्हणून शर्यतीच्या सुरुवातीला फुकट, सवलत, कॅशबॅक. एकदा सगळी माणसं आत आली की घाई संपते. गुगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तेवढे फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले, पुढे पैसे. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये मोफत डेटा दिला, त्यामुळे इंटरनेट खेड्यापाड्यांत पोचलं हे मान्यच करायला हवं. पण त्या धुमश्चक्रीत कंपन्या विलीन झाल्या, काही बंद पडल्या, उरल्या मोजक्या. आणि जुलै २०२४ मध्ये मोठ्या तिन्ही खासगी कंपन्यांनी आगेमागे दर वाढवले. यात बेकायदा काही नाही. धंदा आहे. फक्त आपण समजून असावं.

आता दुसऱ्या प्रकारची शर्यत बघू, कारण सगळंच निराशेचं नाही. यूपीआय. आपल्या मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयने २०१६ मध्ये ते आणलं. डिसेंबरात भीम अ‍ॅप आलं. सप्टेंबर २०१७ मध्ये गुगलचं तेझ आलं, पुढच्या वर्षी त्याचंच गुगल पे झालं. फोनपे, पेटीएम होतेच. २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपलाही परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयवर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. यातलं खरं मर्म कशात आहे? भाजीवाल्याच्या दुकानात फोनपेचा क्यूआर लावलेला असतो आणि तुम्ही गुगल पेने पैसे देता. तुमची बँक वेगळी, त्याची वेगळी. तरी पैसे पोचतात! कारण रस्ता सार्वजनिक आहे आणि कंपन्या त्यावर फक्त गाड्या चालवतात. गाडी आवडली नाही तर उतरा, दुसरीत बसा. बँक खातं तेच राहतं.

मेलचंही असंच आहे, रेडिफवरून जीमेलला पत्र जातं. मोबाइल नंबरचंही जानेवारी २०११ पासून देशभर असंच झालं, कंपनी बदला पण नंबर तोच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामला मात्र निरोप जात नाही. स्पर्धा खरी की नुसती दिसायची, हे ओळखायची माझी खूण एकच. बाहेर पडायचा रस्ता आहे का, आणि जाताना आपलं सामान नेता येतं का?

यूपीआयमध्येही सगळं आलबेल नाही. फोनपे आणि गुगल पे या दोघांतूनच साधारण पाचपैकी चार व्यवहार होतात. एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नसावेत असा एनपीसीआयचा नियम आहे, पण त्याची मुदत पुढे पुढे जात आता २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली आहे. रस्ता सार्वजनिक असला तरी गाड्या दोघांच्याच, अशी स्थिती. सरकारी यंत्रणा अगदीच झोपलेल्या आहेत असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गुगलला १३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून मेटाला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी १४ लाखांचा. दोन्ही प्रकरणं अपिलात गेली. न्यायाला वेळ लागतो, कंपनीला तेवढा वेळ पुरतो.

तरुण मित्रांनो, हा जुना इतिहास नाही. आज तुमच्या हातात जे चाललंय ते हेच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, गुगलने घाईघाईने पुढच्या वर्षी बार्ड आणलं, त्याचं नाव नंतर जेमिनाय झालं. आणि २०२५ मध्ये बघा: एअरटेलच्या ग्राहकांना परप्लेक्सिटीची वर्षभराची सशुल्क सेवा मोफत, जिओच्या ग्राहकांना जेमिनायची अठरा महिने मोफत, चॅटजीपीटीचीही एक योजना भारतात वर्षभर मोफत. तीन कंपन्या, एकच औदार्य! वापरा, जरूर वापरा, अभ्यासाला उपयोग करा. पण तेराव्या महिन्यात काय, हा प्रश्न आजच विचारा. आणि घरातले आजाराचे कागद, पॅनकार्ड, भांडणं तिथे ओतू नका.

आता आपल्या प्रस्तावाकडे येतो. गेटवरची नोंद, देखभाल खर्चाची बिलं, तक्रारी, सूचना, सगळं एका अ‍ॅपवर. पहिलं वर्ष विनामूल्य. माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. रात्री दोन वाजता वॉचमनने वही शोधण्यापेक्षा हे सोयीचं आहे. परंतु सभेत हात वर करण्याआधी पाच प्रश्न विचारावेत अशी माझी विनंती आहे.

एक, दुसऱ्या वर्षापासून दर किती, आणि तो करारात लिहिलेला आहे का?
दोन, सोडून जायचं ठरलं तर आपला सगळा हिशोब आणि नोंदी एक्सेलमध्ये किंवा साध्या फाइलमध्ये परत मिळतील का, आणि किती दिवसांत?
तीन, आपल्याकडे कोण आलं, कोणत्या घरी आलं, किती वाजता आलं, ही माहिती आणखी कोणाला दिली जाईल का? एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.
चार, ती कंपनी उद्या विकली गेली किंवा बंद पडली तर काय?
पाच, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना सूचना कशी कळणार?

पाचव्याचं उत्तर आपल्याकडे आहे. तळमजल्यावरचा फलक काढायचा नाही. आणि 'आय' व 'जे' नमुन्याची सभासद नोंदवही, इतिवृत्ताची वही, या कपाटातच राहू द्या, अ‍ॅप असो वा नसो. दर तीन महिन्यांनी अ‍ॅपवरची माहिती उतरवून एक प्रत सचिवांकडे, एक खजिनदारांकडे ठेवायची, असा ठराव प्रस्तावातच जोडून घ्यावा. त्याला खर्च काही नाही, शिस्त लागते एवढंच.

घरोघरीही हेच करता येईल. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, आपले फोटो आणि महत्त्वाची पत्रं उतरवून एका हार्ड डिस्कवर ठेवा. गुगलसारख्या मोठ्या सेवांत आपली माहिती उतरवून घ्यायची सोय असते. आजोबांना जमत नसेल तर नातवाने करून द्यावं, बदल्यात आजीने बेसनाचे लाडू द्यावेत. हा व्यवहार दोन्ही पक्षांना परवडतो.

मंडळी, गेल्या पंचवीस वर्षांत किती बलाढ्य कंपन्या आल्या, गाजल्या आणि गेल्या. याच काळात आपली ही छोटी सहकारी संस्था टिकली. तिच्याकडे त्यांच्याएवढा पैसा कधीच नव्हता. पण इथे प्रत्येक सभासदाला एक मत आहे, हिशोब दरवर्षी सभेपुढे येतो, आणि न पटलेलं उभं राहून बोलता येतं. कधी कधी जरा जास्तच बोललं जातं, ते सचिव जाणतात! ही सवय आहे ती जपू या आणि अ‍ॅपवाल्यालाही त्याच सवयीने प्रश्न विचारू या.

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आजच्यापैकी कोणत्या कंपन्या उरल्या याचा हिशोब आत्ता मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी मांडावा, अशी इच्छा व्यक्त करतो आणि थांबतो.