तिजोरीचं भांडण आणि आपली हमी
(कळमनुरी तालुक्यातील मेळाव्यात केलेले भाषण)



निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडलेले काँग्रेस अन् राष्ट्रवादीवाले ऑक्टोबर १९९९ मध्ये एकाच गाडीला जुंपले. विलासराव मुख्यमंत्री, भुजबळ उपमुख्यमंत्री. लगेच श्वेतपत्रिका काढली : युतीनं कर्ज करून ठेवलं, तिजोरीत खडखडाट हाय. युतीवाले म्हणतात, रस्ते, पूल, कृष्णा खोऱ्याची धरणं काय फुकट होतात? भांडू द्या त्यांना. (हिंगोली जिल्हा युतीच्याच राज्यात झाला, १ मे १९९९ ला. परभणीची चक्कर वाचली, तेवढं खरं.)

आपला सवाल निराळा हाय. रोजगार हमीचं काम मागितलं की आता साहेब म्हणतात, पैसा नाही. हमीचा पैसा येतो कुठून? पगारदार, व्यापारी यांच्याकडून व्यवसाय कर घेतात तो हमीसाठीच. तेवढीच भर सरकारनं घालायची, असा कायदा हाय. कर्ज कुणी का केलं असंना, हमीचा पैसा दुसरीकडं वळवायला तो कुणाच्या बापाचा नाही. मागणीपासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

अन् जमीन नावावर करायला कोणती तिजोरी लागते? १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीनांनी कसलेली गायरानं नियमित करायचा निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. त्यानंतर किती सरकारं आली, गेली! सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याची शाई लागते, धरणाचं कर्ज नाही.

दंडाच्या जुन्या पावत्या चुलीत घालू नका. वनजमीन कसणाऱ्यांनी तर मुळीच नाही. कसत होतो याचा तोच पुरावा. पुढच्या बैठकीला घेऊन या. कामाची मागणी लेखी द्या, तारखेची पोच घ्या.