रेघ जुळली, कारण हुकलं



दीक्षान्त समारंभाला बोलावलेल्या पाहुण्याने तुमच्या भविष्याबद्दल चार शब्द बोलावेत, अशी रीत आहे. मी उभा जन्म साथीच्या रोगांची गणितं मांडण्यात घालवला. या धंद्यातल्या माणसाने भविष्याबद्दल तोंड जपूनच उघडावं. म्हणून तुमचं भविष्य तुमच्यावर सोपवते आणि एका जुन्या रेघेबद्दल बोलते.

संख्याशास्त्राच्या मुलांनी ती पाहिली असेल. वैद्यकाच्या मुलांनी बहुधा परीक्षेपुरती पाहिली असेल. १९२७ साली एडिंबरोच्या दोघांनी, कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी, एक निबंध प्रसिद्ध केला. साथीच्या गणिताची आमची सगळी वंशावळ तिथे जाऊन पोचते. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याचे दोन्ही डोळे गेले, वय पंचविशीच्या आसपास. पुढची समीकरणं त्याने डोक्यात सोडवली. मॅकेंड्रिक फौजी डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला. कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्याने बरीच वर्षं काढलेली. तरुणपणी १९०१ मध्ये तो रोनाल्ड रॉसबरोबर सिएरा लिओनला गेला होता. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सिकंदराबादेत शोधून काढला, तोच हा रॉस. लोक त्याला विचारत, सगळे डास मारणं शक्य आहे का? रॉस गणित करून सांगे, सगळे मारायची गरजच नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणा, मलेरिया आपोआप विझेल. साथीच्या गणितातलं मला सर्वांत आवडणारं वाक्य हेच. ‘सगळं किंवा काहीच नाही’ या हट्टातून त्याने सरकारांना सोडवलं.

तर या दोघांनी समाजाचे तीन भाग केले. ज्यांना लागण होऊ शकते ते, झाली आहे ते, आणि बरे होऊन किंवा मरून खेळातून बाद झालेले. एका भागातून दुसऱ्यात माणसं कोणत्या वेगाने सरकतात याची समीकरणं मांडली. त्यातून घंटेच्या आकाराची एक रेघ निघाली : चढते, शिखर गाठते, उतरते. पडताळा पाहायला त्यांनी जे आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे होते. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, मुंबई बेटावर गाठीच्या प्लेगने दर आठवड्याला झालेले मृत्यू. सूत्राने शिखर सांगितलं आठवड्याला ८९०, एप्रिलच्या मध्यावर. कागदावरचे ठिपके त्या रेघेवर असे बसले की जणू मांडवी आणि डोंगरीच्या चाळींतली माणसं समीकरण पाहूनच मेली.

ही आकृती आजही पाठ्यपुस्तकांत छापली जाते. त्या प्रत्येक ठिपक्याखाली घरं आहेत, हे कोणी सांगत नाही. पण आज मला सांगायचंय ते वेगळंच. ती रेघ जुळली खरी, कारण मात्र हुकलं होतं.

समीकरणाप्रमाणे साथ ओसरते ती लागण होऊ शकणारी माणसं कमी पडू लागतात म्हणून. मुंबईत तशी ती कमी पडली नव्हती. बेटावर जवळपास दहा लाख माणसं होती आणि प्लेग पुढच्या वर्षी पुन्हा आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला. कारण गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे क्वचितच जातो. तो उंदरांचा रोग आहे, पिसवांमार्फत माणसाला भोवतो. उन्हाळा तापला की पिसवा कमी होतात आणि साथ बसते. १९०५ पासून प्लेग कमिशनचे लोक परळच्या प्रयोगशाळेत हेच तपासत होते. खेड्यातल्या आजीबाईंना तर त्याआधीच ठाऊक होतं. घरात उंदीर पडायला लागले की माणसं चूल उचलून माळावर झोपड्यांत जायची. त्यांच्याजवळ समीकरण नव्हतं, पण चल राशी बरोबर होती.

कर्मॅक-मॅकेंड्रिकला दोष देऊ नका. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे, आपली गृहीतकं इथे तंतोतंत लागू नाहीत, हे त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलंय. पुढच्या पिढ्यांनी आकृती उचलली आणि तो परिच्छेद मागे ठेवला. आम्हीच ते.

माझ्या पिढीचा रोग एचआयव्ही. १९८६ साली चेन्नईत पहिल्या लागणी सापडल्या. नव्वदच्या दशकात मुंबईच्या कामाठीपुऱ्यात तपासलेल्या धंद्यातल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात विषाणू आढळू लागला, आणि आमच्यासारख्यांना बोलावणी आली. या विषाणूचं गणित प्लेगहून निराळं. एका संपर्कात लागण होण्याची शक्यता थोडी, पण लागण झालेला माणूस उपचाराविना वर्षानुवर्षं धडधाकट हिंडतो. साथ वाढेल की विझेल हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं : लागणीची शक्यता, जोडीदार बदलण्याचा वेग आणि लागण देण्याचा काळ.

यातला मधला आकडा फसवा. समजा शंभर माणसं आहेत. नव्वद जणांना वर्षाकाठी एक जोडीदार, दहा जणांना एकवीस. सरासरी काढा : तीन. पण विषाणू सरासरी माणसाला भेटत नाही. गावातली बातमी जशी प्रत्येक घरी सारख्या वेळी न पोचता आधी चहाच्या टपरीवर पोचते, तसा तो जास्त वाटा असलेल्या माणसाकडे लवकर येतो आणि तिथूनच जास्त वाटांनी निघतो. ऐंशीच्या दशकात रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी याचा हिशेब दिला : सरासरीत विचरणाला, म्हणजे आकड्यांच्या विखुरण्याच्या मापाला, सरासरीने भागून आलेली संख्या मिळवा. आपल्या उदाहरणात विचरण छत्तीस, त्याला तिनाने भागा, बारा, अधिक तीन. विषाणूच्या दृष्टीने या समाजाचा वेग पंधरा आहे. तीन धरून चालणारा अधिकारी निवांत झोपेल आणि पाच पटीने चुकेल.

हे गणित चुकीच्या हातात पडलं की काय होतं तेही मी पाहिलंय. ‘साथीचं केंद्र’ हा आमचा तांत्रिक शब्द ऐकून काहींना तिथे पोलिसांची गाडी पाठवावीशी वाटते. धाड पडली की वस्ती फुटते, बायका चार गावांत पांगतात आणि आकृतीतल्या वाटा कमी होण्याऐवजी वाढतात. सांगलीत १९९२ पासून मीना शेषू आणि ‘संग्राम’ संस्थेने उलटा रस्ता धरला. धंद्यातल्या बायकांनीच एकमेकींना माहिती द्यायची, निरोध वाटायचे आणि ‘तो नसेल तर गिऱ्हाईक नको’ हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. गणित तेच आहे. जिथून विषाणू सर्वांत जास्त वाटांनी निघतो, तिथूनच बचावही तितक्याच वाटांनी निघतो. आमच्या समीकरणात त्या बायका एक गुणक होत्या. त्यांनी बैठक घेऊन तो बदलला.

तिसरा आकडा, लागण देण्याचा काळ, औषधांनी बदलला. २००९ मध्ये एका गणिती प्रारूपाने धाडसी प्रश्न टाकला : दक्षिण आफ्रिकेत प्रत्येकाची तपासणी केली आणि लागण दिसताच उपचार सुरू केले तर? बरेच जण हसले. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. जोडीदारांपैकी एकाला लागण, दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असं दिसलं. आपल्या पुण्याची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्था त्या चाचणीत होती. पुढे मोठ्या वस्त्यांवर हाच प्रयोग केला तेव्हा यश इतकं लख्ख नव्हतं, कारण औषध गोळीत असलं तरी गोळीपर्यंतचा रस्ता समीकरणात नसतो. त्या रस्त्याकडे मी येतेच आहे.

त्याआधी आमच्या फजितीची एक गोष्ट. २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इंटेलिजन्स कौन्सिलने भाकीत केलं की २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोकांना एचआयव्ही असेल. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता ५७ लाख. २००७ च्या जुलैत नवा अंदाज जाहीर झाला : २५ लाख. एका वर्षात बत्तीस लाख माणसं कागदावरून नाहीशी झाली. कोणी बरं झालं नव्हतं, तितके कोणी मेलेही नव्हते. आधीचा हिशेब मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तावरून केलेला होता. त्या दवाखान्यांत कोण येतं आणि कोण येत नाही, हे पुरेसं विचारलेलं नव्हतं. मग देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालवलेल्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुली घरोघर गेल्या, दारात बसल्या, समजावून सांगितलं आणि सुमारे एक लाख लोकांच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. तो थेंब आमच्या सगळ्या प्रारूपांना भारी पडला. अर्थात घरोघर गेलं तरी जे घरी नसतातच ते राहून जातात : ट्रकवरचे, लॉजमधले, फुटपाथवरचे. म्हणून नव्या हिशेबात दवाखान्यांतली आणि घरोघरची, अशा दोन्ही पाहण्या एकत्र जोडल्या गेल्या.

आता तो रस्ता. बारा-तेरा वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यातल्या एआरटी केंद्राचे, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राचे, आकडे माझ्याकडे आले होते. किती रुग्ण दरमहा गोळ्या न्यायला येतात, किती येईनासे होतात. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतची माहिती होती. ऑक्टोबरनंतर संख्या घसरत जात होती. मी तिच्यावर घातांकी रेघ बसवली. ती इतकी सुरेख बसली की मी सहकाऱ्याला बोलावून दाखवली. तीन वर्षांत केंद्र निम्मं रिकामं होईल, असा निष्कर्ष निघाला. शिफारस लिहिली : रुग्णांना औषधाचं महत्त्व पटत नाही, समुपदेशन वाढवा. मुंबईच्या प्लेगची आकृती त्या वेळी मी वीस वर्षं शिकवत होते, हे लाजेने सांगते.

अहवाल सोपवायला केंद्रावर गेले. तिथल्या समुपदेशक बाईंनी माझी आकृती उभी-आडवी करून पाहिली. म्हणाल्या, “मॅडम, ही गळती नाही, गळीत आहे.”

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. दसरा झाला की कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपेपर्यंत परत येऊ शकत नाहीत, कारण एक खाडा पडला तरी उचलीतून कापतात. काहींच्या गोळ्या भावजय घेऊन जाते. काही जण तिकडच्या दवाखान्यात नाव बदलून घेतात, कारण टोळीत कळलं तर पाणी तोडतील. काहींचं औषध खरोखर सुटतं. महत्त्व सगळ्यांना पटलेलं असतं. गोळ्या तेव्हा मिळायच्या एका महिन्याच्या आणि हंगाम असायचा पाच महिन्यांचा, एवढाच प्रश्न होता.

बाईंच्या टेबलाच्या खणात शाळेची दोनशे पानी वही होती. नावं नव्हती, खुणेचे आकडे होते. पुढे रकाने आखलेले : मुकादम कुठला, कारखाना कोणता, गोळ्या कोण नेणार, परत कधी. शेवटच्या रकान्यात एकही तारीख नव्हती. कुठे ‘पाडवा’, कुठे ‘यात्रेला’, कुठे ‘पोरीच्या लग्नाला’, दोन-तीन ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह.

मी अहवाल परत घेतला. त्या रात्री लॉजवर बसून वहीतली माहिती संगणकात भरायला लागले, तर तारखेच्या रकान्यात तो ‘पाडवा’ घेईना. लाल चौकट दाखवून अडून बसला. पहाटेपर्यंत मी तो रकाना बदलत होते.